बाबाचा सोमवार

टेबर क्रीक, नेब्रास्का
१८ एप्रिल २०२२

ग्लेन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. पाकीट जाड दिसलं म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझे वडील ठणठणीत आहेत, आणि ठणठणीत असले की जसे वागतात तसेच वागतायत.

बातमी अशी की डेलानी येतेय. परवा क्रिस्टाचा फोन आला. मेअखेरीस तिला आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याला कुठल्याशा लग्नाला जायचंय, तर मुलीला चार दिवस आमच्याकडे ठेवू का, असं विचारत होती. मी हो म्हणायच्या आधीच म्हणाली, "खरं सांगू का, लग्न निमित्त आहे. तीच मागे लागलीय. तिला तिच्या बाबाची, डेरेकची कबर बघायचीय, आणि तीही मेमोरिअल डेलाच."

तुझा भाऊ गेला तेव्हा ती पाळण्यात होती. क्रिस्टा तिला ओरेगनला घेऊन गेली तेव्हा नुकती धावायला लागली होती. आता बारा वर्षांची झालीय.

फोन ठेवला आणि बसून राहिले. त्या दिवशी आपल्या घरात तिला दाखवायचं काय? सकाळी कबरस्तानात युद्धात गेलेल्या सैनिकांची नावं आणि मर्विन कोझाकचं भाषण. मग बिगुल, तोही खरा नव्हे. आत बटण आहे, ते दाबलं की सूर वाजतात, एक पोरगा नुसता तोंडाला लावून उभा राहतो. मग माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये हॅम आणि बटाट्याचं सॅलड. लोक माझ्याजवळ येऊन 'हॅपी मेमोरिअल डे' म्हणतात. यातलं हॅपी काय आहे, हे एकालाही सुचत नाही, आणि मीही थँक यू म्हणून मोकळी होते. घरी आलं की तुझे वडील बूट काढतात, बेसबॉल लावतात आणि घोरतात. गावाने डेरेकचं नाव पुलाला दिलंय. या घरात ते कोणी उच्चारत नाही.

तर मी ठरवलंय, या घराची स्वतःची काहीतरी प्रथा सुरू करायची. आर्लिस मावशीने मासिकातला एक लेखही कापून आणून दिलाय. कुटुंबासाठी अर्थपूर्ण प्रथा, चित्रांसकट. हसू नकोस.

मी तुला ये म्हणत नाहीये. फक्त कळवतेय.

आई

३ मे

ग्लेन,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितेय. कोणाला तरी सांगितलं नाही तर माझं डोकं फुटेल, आणि आर्लिसला सांगण्यात अर्थ नाही, कारण निम्मा वैताग तिचाच आहे.

रविवारी आम्ही तालीम केली. मासिकात लिहिलंय, जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी ठेवावी, तिच्यासमोर मेणबत्ती लावावी, आणि प्रत्येकाने गेलेल्या माणसाची एकेक आठवण सांगावी. मी रोस्ट केलं, डम्पलिंग केली, पांढरा टेबलक्लॉथ काढला. खिडकीजवळची खुर्ची रिकामी ठेवली. तुझे वडील हात धुऊन आले आणि थेट त्याच खुर्चीत बसले.

"लेनर्ड, ती रिकामी ठेवायची आहे," मी म्हटलं.

"रिकामी होती म्हणूनच बसलो."

"ती डेरेकची आहे."

"डेरेक तिकडे बसायचा, फ्रिजच्या बाजूला." आणि मेणबत्तीकडे बघून म्हणाले, "वीज गेलीय का?"

आर्लिसने तेवढ्यात सुरुवात केली. डेरेकचं हसू किती गोड होतं, तो किती शूर होता, देशासाठी त्याने काय केलं. ग्लेन, ती माझी बहीण आहे, पण ती बोलत होती तो मुलगा मी कधी पाहिलेला नाही. तिच्या मांजराच्या शेपटीला यानेच डबे बांधले होते. ते सांग म्हटलं, तर म्हणे, "अशा दिवशी असलं नको गं." मग मी तुझ्या वडिलांकडे बघितलं. ते म्हणाले, "रोस्ट गार होतंय." झाली प्रथा.

भांडी घासताना मी त्यांना म्हटलं, पोर येईल, विचारेल, तिला काय सांगणार आहेस? तर म्हणे, "मर्विन दरवर्षी सांगतो ना माइकवर. तेवढं पुरे."

मर्विन काय सांगतो ते तुला ठाऊक आहे. 'अफगाणिस्तानात शत्रूशी झुंजताना.' सहा वर्षांपूर्वी तू भर कबरस्तानात उभा राहून म्हणालास, "ट्रक उलटला. खोटं कशाला बोलता?" सैन्याकडून आलेल्या कागदावरही तेच आहे, मी वाचलाय, तुझ्या वडिलांनीही वाचलाय. पण त्यांनी तुला पुढे एक शब्द बोलू दिला नाही. दंडाला धरून गाडीपर्यंत नेलं आणि माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणाले. आणि तू खरंच टाकलं नाहीस. दोघांपैकी कोणाचा जास्त राग यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डेरेकच्या गाडीतला तो वाचलेला मुलगा तुला भेटून काय सांगून गेला, ते तू मला नंतर फोनवर सांगितलंस. ते त्यांच्या कानावर घालायला मी दोनदा गेले. एकदा ते ट्रॅक्टर सुरू करून निघून गेले. दुसऱ्यांदा कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. बोल म्हणाले, आणि पेपर उघडला.

तिकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करतोस, तिथे तरी माणसं एकमेकांशी बोलतात का?

आई

१६ मे

ग्लेन,

आज माझा संताप शिगेला आहे, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

मी मर्विनकडे गेले होते. लीजनच्या हॉलमागे तो छोटे झेंडे मोजून जुडगे बांधत होता. मी म्हटलं, मर्विन, यंदा माझी नात येतेय, तर डेरेकबद्दलचं ते वाक्य बदल. अफगाणिस्तानात सेवा बजावताना गेला, एवढंच म्हण. ते खरं आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

तो झेंडे ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "बर्नडीन, लेनर्डला विचारलंस का?"

"आईने सांगितलेलं पुरत नाही का तुला?"

"तसं नाही. ते वाक्य माझं नाही, लेनर्डचं आहे. पहिल्याच वर्षी तो माझ्याकडे आला होता. मी लिहिलं होतं, वाहनाच्या अपघातात. तो म्हणाला, मर्विन, ते काढ, झुंजताना लिही. माझ्याकडे त्याने आयुष्यात तेवढं एकच मागितलं. मी नाही कसं म्हणणार?"

अकरा वर्षं मी मर्विनला मनातल्या मनात शिव्या देतेय, आणि ते वाक्य माझ्याच घरातून गेलं होतं.

घरी आले तर तुझे वडील शेडमध्ये होते. धान्याचा तो जुना हिरवा ट्रक अजून तिथेच आहे, ताडपत्रीखाली. डेरेक गेल्यापासून त्याची किल्ली त्यांनी कोणाला दिलेली नाही. विकत नाहीत, वापरत नाहीत, पण अधूनमधून बॅटरी चार्ज करताना दिसतात. मी विचारलं, "का सांगितलंस मर्विनला तसं?"

त्यांनी पाना उचलला, पुसला, ठेवला, आणि परत तोच उचलला.

"गाडी उलटून मेला तर तो कमी मेला का, लेनर्ड? की तुला लाज वाटते?"

"लाज त्याची नाही वाटत," एवढंच म्हणाले. मी उभी राहिले, पाय दुखेपर्यंत उभी राहिले. शेवटी घरात येऊन बटाटे सोलले.

मासिकात पुढची सूचना आहे, सगळ्यांनी मिळून ॲपल पाय बनवावा आणि वर क्रीमने झेंडा काढावा. मी ते पान आर्लिसला परत केलं.

तू यावंस असं मी म्हणत नाहीये, पण ओमाहाला सोमवारच्या आधी पोचणारी विमानं आहेत, हे मी पाहून ठेवलंय.

आई

२७ मे

ग्लेन,

डेलानी आलीय. उंच आहे, दात अजून तारांत आहेत, आणि अंड्यावर केचप घालते. डेरेकसारखंच. मी स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन जरा वेळ उभी राहिले आणि परत आले.

खूप प्रश्न विचारते. बाबा कुठे झोपायचा, कुठल्या शाळेत जायचा, कोणाला घाबरायचा. मी सांगते. तुझंही सांगते. तुम्ही दोघांनी कोंबड्यांच्या खुराड्यावरून उड्या मारल्या होत्या आणि तू हात मोडून घेतला होतास, हे ऐकून ती इतकी हसली की दूध सांडलं.

आज सकाळी मात्र भांडी पुसताना तिने विचारलं, "आजी, बाबा गेला कसा? आई म्हणते अपघात. मी तुमच्या गावचा पेपर इंटरनेटवर शोधला, त्यात लढाई लिहिलीय. खरं कुठलं?"

मी फडकं ठेवलं, तिला बसवलं, आणि तोंड उघडणार इतक्यात तुझे वडील कॉफीला आत आले. पोरगी चटकन म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे अजून कोंबड्या आहेत का?"

बघ. या घरात कुठे गप्प बसायचं, हे तिला एका दिवसात कळलं.

सोमवारसाठी मी साधं ठरवलंय. देशभर त्या दिवशी दुपारी तीनला एक मिनिट शांत उभं राहतात, तसं आपण घरात उभं राहू. मेणबत्ती नाही, खुर्ची नाही. मग मी तिला सगळं सांगेन. तुझे वडील आत येवोत की बाहेर जावोत.

आई

३१ मे

ग्लेन,

काल जे झालं ते नीट क्रमाने सांगते, नाहीतर तुला आर्लिसकडून कळेल.

यंदा थंडी लांबली, त्यामुळे दरवर्षी कबरीवर नेतो त्या पिओनी फुललेल्याच नव्हत्या, नुसत्या मिटलेल्या कळ्या. डेलानी म्हणाली, चालतील की. म्हणून कॉफीच्या डब्याला चंदेरी कागद गुंडाळून त्यात कळ्याच भरल्या आणि नेल्या. तिने कबरीवरच्या दगडावरून हात फिरवला, अक्षरांतली माती नखाने काढली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल.

मग मर्विन माइकशी गेला. नावं वाचत वाचत डेरेकपर्यंत आला. माझ्याकडे बघितलं, तुझ्या वडिलांकडे बघितलं, आणि वाचलं, "अफगाणिस्तानात शत्रूशी झुंजताना."

डेलानी आमच्या दोघांच्या मधे उभी होती. तिने मान वर करून आजोबांना विचारलं, "आजोबा, हे खरं आहे?"

हळू आवाजात नाही. तुझ्या वडिलांना कमी ऐकू येतं म्हणून पोर आल्यापासून त्यांच्याशी मोठ्यानेच बोलतेय, तसंच विचारलं. पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं. मर्विन पुढचं नाव वाचायचा थांबला.

तुझ्या वडिलांचा चेहरा मला सांगता येणार नाही. त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि फाटकातून बाहेर पडले. गाडी घेऊन गेले. आम्हाला लीजनला आर्लिसच्या गाडीतून जावं लागलं. तिथे मी हॅम खाल्लं, ज्याने त्याने विचारलं लेनर्ड कुठेय, आणि मी सांगितलं, पोटात गडबड आहे. डेलानी म्हणाली, "मी चुकीचं विचारलं का?" मी म्हटलं, "नाही. या गावात अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही, एवढंच."

घरी आलो तर शेडचं दार उघडं. मी आत गेले नाही. मला खरंच वीट आला होता, ग्लेन. म्हटलं राहू दे बसलेला. तीनला आम्ही तिघी बैठकीत उभ्या राहिलो. आर्लिसने डोळे मिटले. घड्याळाची टिकटिक चालू, आणि त्या शांततेच्या ऐन मध्यात शेडमधून खाकरल्याचा आवाज आला. इंजिनाचा. एकदा, दोनदा, मग धडधड सुरू झाली, खिडक्यांच्या काचा हलायला लागल्या. आर्लिस डोळे न उघडता म्हणाली, "या माणसाला एक मिनिटही दम निघत नाही." डेलानी मात्र केव्हाच दाराबाहेर गेली होती.

मी एप्रन तसाच ठेवून मागे धावले. हिरवा ट्रक अंगणात उभा. तुझे वडील स्टिअरिंगमागे. ते उतरले, फेरी मारून दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथे बसले.

"तुझ्या बाबाला मी याच्यावर शिकवलं," ते तिला म्हणाले. "तेरा वर्षांचा होता."

"मी बारा आहे."

"उंच आहेस. बस."

मी म्हटलं, लेनर्ड, क्रिस्टा मला जिवंत ठेवणार नाही. ते म्हणाले, "यायचंय तर मागे चढ." मागे म्हणजे धान्याच्या हौदात. मी बहात्तर वर्षांची बाई, चांगल्या कपड्यांत. चढले.

पोरीने तो ट्रक आधी उड्या मारत नेला, मग बंद पाडला, मग पुन्हा सुरू केला. मागची खिडकी उघडी होती, त्यातून मला सगळं ऐकू येत होतं. तुझे वडील एकदाही ओरडले नाहीत. मक्याच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्याने आम्ही ओढ्यापर्यंत गेलो. वळणाआधी ते म्हणाले, "थांबव." तिने थांबवला.

मग ते म्हणाले, "ट्रक उलटला, डेलानी. तोच चालवत होता. लढाई नव्हती."

"आईने सांगितलंय मला," ती म्हणाली. "मग सगळे खोटं का बोलतात?"

"मी सांगितलं म्हणून." त्यांनी समोर बोट दाखवलं. "हे वळण तो नेहमी जोरात घ्यायचा. धूळ उडायची, मागचं चाक घसरायचं. मी शेजारी बसून हसायचो. तेव्हाच कानाखाली द्यायला हवी होती. तो कागद आला, त्यात ट्रक उलटला एवढंच होतं. मला कळलं त्याने काय केलं असेल. आणि त्याला तसं चालवायला कोणी शिकवलं, तेही कळलं."

ग्लेन, मी खिडकीतून हात घालून त्यांचा खांदा धरला. हलवलाच म्हण. म्हटलं, "कानातलं यंत्र आहे ना कानात? मग आता ऐक. रस्ता खचला. कालव्याकाठचा कच्चा रस्ता होता, अंधार होता, आणि गाडी माणूस चालतो तेवढ्या वेगाने चालली होती. त्याने वेग वाढवला नव्हता. तो सगळ्यांत सावकाश चालवायचा, म्हणून बाकीची मुलं त्याच्याच गाडीत बसायला बघायची."

"तुला कोणी सांगितलं?"

"ग्लेनने. त्याला मागे बसलेल्या मुलाने, जो वाचला त्याने. तेच सांगायला ग्लेन उभा राहिला होता. ट्रक उलटला, इथपर्यंतच तू ऐकलंस. पुढचं वाक्य तू त्याला बोलू दिलं नाहीस."

ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. डेलानीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मागे माझ्याकडे. मला वाटलं आता दोघंही रडणार आणि मी इथे मागे धुळीत अडकलेली. पण तुझे वडील शेवटी म्हणाले, "पहिला गियर टाक. सावकाश."

तिने ते वळण इतकं सावकाश घेतलं की एक गाय आमच्यापेक्षा पुढे गेली.

आर्लिस पायरीवर वाट बघत होती. माझे केस बघून म्हणाली, "ही काय प्रथा झाली?" संध्याकाळी तुझे वडील फ्रिजजवळच्या खुर्चीकडे बघत डेलानीला मांजराच्या शेपटीची गोष्ट सांगत होते. आर्लिससमोर. ती रागावून घरी गेली.

आई

१२ जून

ग्लेन,

तू अजून एक ओळ लिहिली नाहीस. बरं. मी पोस्टाच्या तिकिटांचा आख्खा ताव आणून ठेवलाय.

क्रिस्टाचा फोन आला, आणि तो मला कानापासून लांब धरावा लागला. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात ट्रक, तोही ज्याचे दिवे लागत नाहीत असा. ती म्हणतेय ते सगळं बरोबर आहे. मी म्हटलं, क्रिस्टा, तुझं बरोबर आहे. मग ती म्हणाली, "ती झोपताना आजोबांबद्दल बोलते. त्या दिवसाला बाबाचा सोमवार म्हणते. पुढच्या वर्षी पुन्हा यायचं म्हणतेय. मी काय करू?" मी म्हटलं, "तूही ये." त्यावर ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

तुझे वडील मर्विनकडे जाऊन आले. मर्विनच मला दुकानात भेटला तेव्हा कळलं. घरात अर्थातच कोणी सांगितलं नाही. मर्विन वैतागलाय. म्हणतो, "अकरा वर्षं वाचलं, आता हा म्हणतो बदल, लोक काय म्हणतील?" मी सांगितलं, लोक बटाट्याचं सॅलड वाढून घेतील.

एवढं सगळं झालं तरी त्यांनी तुझ्याबद्दल माझ्याशी एक अक्षर काढलं नाही. मी वाट बघितली. पहिला आठवडा बघितली, दुसरा बघितली. काल जेवताना न राहवून म्हटलं, "लेनर्ड, चूक झाली एवढं एक वाक्य लिहायला किती वेळ लागतो?" ते उठून शेडमध्ये गेले. मी ताट जरा जोरातच आपटलं, त्याची कड उडाली.

आता हे लिहितेय तर ते दारात आलेत.

"ग्लेनला लिहितेस?"

"हो."

"क्लच घसरतोय म्हणावं."

मी म्हटलं, गावात दोन गॅरेजं आहेत, त्यातलं एक आपल्या समोरच आहे.

"त्यांना तो ट्रक कळत नाही. ग्लेनला कळतो. पुढच्या मेपर्यंत केला तरी चालेल म्हणावं. आधी आला तर आधी."

लिहिते म्हटलं, तरी हलले नाहीत. मी हे वाक्य लिहून कागद त्यांच्याकडे फिरवला, त्यांनी चष्मा लावून वाचला, मगच गेले.

आई